तारखेआधीची थंडी

त्या चार मजली इमारतीत त्यांना सगळे तोंडावर मामा म्हणत आणि पाठीमागे तारीखमामा. हे दुसरं नाव त्यांच्याही कानावर आलेलं होतं आणि मनातून त्यांना ते आवडायचं. पाण्याची टाकी धुवायची ती ठरलेल्या तारखेला, गच्चीचे पन्हळ साफ करायचे ते ठरलेल्या तारखेला, आणि तळघरातला मोठा बॉयलर पेटवायचा तोही ठरलेल्या महिन्याच्या पहिल्या तारखेला. आधी ते टोप्यांच्या कारखान्यात भट्टीवर होते. कारखाना बंद पडला तेव्हा ही देखभालीची नोकरी मिळाली, तळघरात राहायला दोन खोल्या मिळाल्या आणि सांभाळायला एक बॉयलर मिळाला. मामी त्याला यांची थोरली म्हणायच्या. "थोरलीकडे जाऊन या आधी, मग जेवायला बसा," असं.

बॉयलर कोळशावर चाले, विजेशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं. एकदा पेटला की तापलेलं पाणी आपोआप वर चढायचं आणि घराघरात खिडकीखालच्या लोखंडी नळ्या गरम व्हायच्या. पण पेटवण्याआधी तो आतून साफ करावा लागे. छोट्या झडपेतून खांद्यापर्यंत हात घालून काजळी खरवडायची, धुराड्याच्या तोंडाशी धरलेली खपली फोडायची. घाणेरडं, पाठ मोडणारं काम. एरवी मामा उन्हाळा सरता सरता ते उरकून टाकत. त्या वर्षी राहून गेलं. कधी कंबर धरली, कधी जिन्याचा कठडा निघाला, आणि खरं सांगायचं तर बरेचदा नुसताच कंटाळा आला. तारखेला अजून अवकाश होता.

आणि थंडी तारखेआधी आली.

झाडांवरची पानं अजून पिवळीसुद्धा पडली नव्हती. लोक अर्ध्या बाह्यांत फिरत होते, मुलं संध्याकाळी अंगणात खेळत होती, आणि एका सकाळी उठून बघावं तर अंगणातल्या बादलीतल्या पाण्यावर काचेसारखा पापुद्रा. दारासमोरच्या पायरीवर दूधवाला घसरून पडला. नदीवरच्या पुलावर बर्फाचा न दिसणारा थर धरला होता, त्यावर एक टेम्पो आडवा झाला. लोकरीचे कपडे अजून माळ्यावर होते. ज्याला जे सापडलं ते त्यानं अंगावर चढवलं. दुसऱ्या मजल्यावरचे काका तर बायकोची गुलाबी शाल गुंडाळून कामावर गेले.

त्या सकाळी इमारतीचे अध्यक्ष खाली तळघरात आले. चौथ्या मजल्यावर राहणारे, रस्ते बांधायच्या खात्यातून निवृत्त झालेले, शांत स्वभावाचे गृहस्थ. ते म्हणाले की रेडिओवर पारा आणखी उतरणार असं सांगतायत, ओला बर्फही पडेल म्हणतायत. तारखेचं काही मनावर घेऊ नका, मामांना योग्य वाटेल तेव्हा बॉयलर पेटवावा, समितीची काही हरकत नाही.

"बघतो," मामा म्हणाले.

अध्यक्ष वर गेले आणि मामा बॉयलरची झडप उघडून आत डोकावले. काजळी बोटभर जाड होती. अशात पेटवला तर धूर उलटा घराघरात शिरला असता. म्हणजे सगळं सोडून दिवसभर त्या काळोख्या भोकात हात घालून बसणं आलं. त्यांनी झडप लावून टाकली. दोन दिवसांत ऊन पडेल, अवकाळी थंडी टिकते थोडीच, असं त्यांनी स्वतःला समजावलं. त्यांना हे समजावणं सोपं गेलं, कारण त्यांच्या स्वतःच्या खोलीच्या भिंतीपलीकडेच आंघोळीच्या पाण्याची लहान भट्टी होती आणि ती बारा महिने पेटलेली असे. मामा घरात बनियनवर वावरत.

मामींनी विचारलं, लोक कुडकुडतायत, पेटवणार ना. मामा म्हणाले, तारखेला.

"अहो, पण अध्यक्ष तर म्हणाले…"

"तारीख म्हणजे तारीख."

दुपारी इमारतीच्या दाराशी, टपालाच्या पेट्यांपाशी चारपाच जण जमले होते. विषय एकच, थंडी. मामा मधोमध उभे होते आणि प्रत्येकाला तारीख ऐकवत होते. लोकही फार मनावर घेत नव्हते. बहुतेकांकडे विजेचे हीटर होते आणि मामांच्या तारखेची थट्टा हा इमारतीतला जुना विरंगुळा होता.

तेवढ्यात तळमजल्यावरच्या शिवणताई बाहेर आल्या. साठीच्या, किडकिडीत, कमी बोलणाऱ्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी बसडेपोत तिकीटखिडकीवर कामाला, ती सकाळी जाई ती दिवेलागणीला परते. ताई दिवसभर खिडकीपाशी पायमशीनवर बसून शिवत. अर्ध्या इमारतीच्या कपड्यांची मापं त्यांना तोंडपाठ होती, आणि कुणाचं माप वाढलं तर त्या कुणाला कळू न देता शिवण उसवून सैल करून देत. त्या आठवड्यात त्यांनी एका शाळेचे गणवेश शिवायला घेतले होते.

त्या मामांना म्हणाल्या की तळमजल्यावर फरशीतूनच गारठा वर येतो, बोटं वळत नाहीत, टाके वाकडे पडतायत. थोडे दिवस आधी बॉयलर सुरू करता येईल का?

त्यांनी अगदी हळू विचारलं होतं. मामा मात्र सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. समोर माणसं होती, हसायच्या बेतात होती, आणि मनात ती न खरवडलेली काजळी होती.

"ताई, पाहुणा आगाऊ आला म्हणून आपण काय पंगत आधी मांडतो? त्याला थांबू दे अंगणात. तुमच्याकडे तर घरभर चिंध्या. खिडकीच्या फटी बुजवा, दाराखाली गुंडाळी करून लावा. वाऱ्याला शिरायला जागाच ठेवू नका."

कुणीतरी हसलं. मामांना चेव आला.

"आणि तरी वाजलीच थंडी, तर एखाद्या गिऱ्हाइकाचा कोट चढवून बसा. कोण बघायला येतंय?"

आता सगळेच हसले. पहिल्या मजल्यावरच्या बाईंचा कोट तेव्हा खरंच ताईंकडे अस्तर बदलायला दिलेला होता. त्या म्हणाल्या, "बघा हं ताई, माझाच नसेल ना घातलेला?" त्याही गमतीनंच म्हणाल्या. पण ताईंचा चेहरा उतरला. एवढ्या वर्षांत गिऱ्हाइकाच्या कापडाचा तुकडादेखील त्यांनी स्वतःकडे ठेवून घेतला नव्हता. त्या हसल्यासारखं काहीतरी करून आत गेल्या. मामांनी ते पाहिलं. पाहिलं आणि पुढच्या माणसाकडे वळून पुन्हा तारीख सांगितली.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून ओला बर्फ पडू लागला. हिवाळ्यातला बर्फ उघड्या फांद्यांवरून निसटतो. हा मात्र भरगच्च पानांवर पडत होता आणि पानांनी तो धरून ठेवला. फांद्या वाकत वाकत गेल्या. दुपारच्या आधी अंगणातल्या जुन्या झाडाची एक मोठी फांदी कडाडून मोडली आणि खांबावरून इमारतीत येणाऱ्या तारांवर कोसळली. तारा तुटल्या, वीज गेली. घराघरातले हीटर गार पडले. फांदी तशीच तळमजल्याच्या खिडकीवर लोंबकळत राहिली.

वीजखात्याची माणसं गाडी घेऊन आली. करवत लावण्याआधी त्यांच्या मुकादमानं मामांना सांगितलं, या खिडकीत कोण राहतं त्यांना आतल्या बाजूला जायला सांगा, काच फुटेल. मामांनी ताईंचं दार वाजवलं. उत्तर नाही. पुन्हा वाजवलं. दाराच्या खालच्या फटीत कापडाची गुंडाळी घट्ट बसवलेली होती, तिचं निळं टोक बाहेर डोकावत होतं. मामा ते टोक बघत क्षणभर उभे राहिले. मग धावत अंगणात गेले आणि फांदीखाली वाकून खिडकीपाशी पोचले. काच आतून घामेजली होती. चारी बाजूंनी चिंध्या कोंबलेल्या. धूसर काचेतून मशीनखाली एक पाय दिसला, चप्पल निसटलेला.

त्यांनी कोपरानं काच फोडली. आत वास असा नव्हताच, नुसती जड, गुदमरलेली ऊब. हात घालून कडी काढली आणि ते आत उतरले. मशीनजवळ लोखंडी घमेल्यात कोळसे लालभडक होते. बाजूला कोळशाची जुनी इस्त्री तापत ठेवलेली आणि इस्त्री झालेल्या गणवेशांचा नीट रचलेला गठ्ठा. वीज गेल्यावर ताईंनी काम थांबू नये म्हणून जुनी इस्त्री काढली असणार आणि उरलेले कोळसे घमेल्यात घालून बोटं शेकत बसल्या असणार. त्यांचं डोकं कापडांवर टेकलं होतं, तोंड उघडं होतं. मामांनी त्यांना काखांखाली धरून ओढत दारापर्यंत नेलं. दार उघडेना, गुंडाळी आड येत होती. ती त्यांनी स्वतःच्या हातांनी उपसून काढली.

बाहेर बर्फात घोंगडीवर निजवल्यावर ताईंनी एक श्वास घेतला, मग बऱ्याच वेळानं दुसरा. रुग्णवाहिकेला फोन केला तर पुलावर गाड्या अडकल्यात असं कळलं. मुकादम म्हणाला आमच्या गाडीच्या चाकांना बर्फासाठी साखळ्या लावल्यात, चढवा. मामा मागच्या बाजूला दोरांच्या वेटोळ्यात ताईंचं डोकं मांडीवर घेऊन बसले. मामांचंही डोकं ठणकत होतं. गाडी पुलावरून रांगत गेली तेवढा वेळ ते एकच गोष्ट म्हणत होते, आणि मुकादमाला वाटलं ते देवाचं नाव घेतायत. ते म्हणत होते, "ताई, मी साफ करतो. आज करतो."

इस्पितळात डॉक्टर म्हणाले की कोळशाचा विषारी वायू अंगात भिनला होता, आणखी थोडा वेळ गेला असता तर हाती काही लागलं नसतं. ताईंना प्राणवायू लावला. मुलगी डेपोतून तशीच गणवेशावर आली आणि मामांचा हात धरून रडली. "तुम्ही होतात म्हणून, मामा," ती म्हणाली. मामांनी हात सोडवून घेतला आणि घरी जायला निघाले.

त्याच संध्याकाळी ते बॉयलरपाशी बसले. झडपेतून हात घालून काजळी खरवडली, खपली फोडली, पोत्यात भरभरून बाहेर नेली. मामी कंदील धरून उभ्या होत्या. जेवणवेळेपर्यंत बॉयलर पेटला आणि वरच्या मजल्यांवरून लोखंडी नळ्यांची टकटक ऐकू येऊ लागली. मामींनी कंदील खाली ठेवला. म्हणाल्या, "एवढंच काम होतं."

त्यात राग नव्हता. मामा खांद्यापर्यंत काळे होऊन राखेपाशी बसले होते. त्यांना वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं.

ताई वाचल्या. आठवडाभरानं घरी आल्या. पण उजव्या हाताला बारीक कंप राहिला आणि बोलता बोलता एखादा शब्द हरवू लागला. डॉक्टर म्हणाले कदाचित कमी होईल, नक्की सांगता येत नाही.

इमारतीत दोन गोष्टी झाल्या. पहिली म्हणजे, ताईंची चूक सगळ्यांनी ठरवून टाकली. बंद खोलीत कोळसे पेटवतं का कुणी, एवढं वय झालं तरी कळू नये, सगळ्यांचाच जीव धोक्यात घातला, असं जिन्यात बोललं जाई. दुसरी म्हणजे मामांचा सत्कार ठरला. मामांनी आधी नको म्हटलं, तो त्यांचा मोठेपणा समजला गेला.

सभा अध्यक्षांच्या दिवाणखान्यात होती. नळ्या छान तापल्या होत्या, लोक कोट काढून बसले होते. अध्यक्ष प्रसंगावधान, धाडस वगैरे बोलले, टाळ्या झाल्या, मामांच्या हातात फुलांचा गुच्छ दिला. ताई आणि त्यांची मुलगी दाराजवळच्या खुर्च्यांवर होत्या. ताईंनी उजवा हात डाव्या हाताखाली दाबून धरला होता.

मामा उठले. म्हणाले, "फटी बुजवायला मीच सांगितलं होतं."

अध्यक्ष समजुतीनं म्हणाले, "अहो, ते सगळेच सांगतात थंडीत. तुम्ही कोळसे पेटवायला थोडंच सांगितलं होतं?" कुणीतरी म्हणालं की वीजच गेली त्याला मामा काय करणार. पहिल्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, बघा, एवढं करूनही स्वतःलाच बोल लावतात. पुन्हा टाळ्या झाल्या. मामांच्या जिभेवर पुढचं वाक्य होतं, बॉयलरचं. ते बाहेर आलं नाही. ते खाली बसले आणि गुच्छाच्या दांड्यांचं पाणी त्यांच्या विजारीवर ठिबकत राहिलं.

दुसऱ्या दिवशी ते ताईंकडे गेले. मुलगी कामावर गेली होती. नवी काच बसवलेल्या खिडकीपाशी ताई सुईत दोरा ओवायचा प्रयत्न करत होत्या. दोरा भोकाच्या आजूबाजूला फिरत होता. मामांनी मदतीला हात पुढे केला तशी त्यांनी सुई बाजूला ठेवली.

मामांनी या वेळी सगळं सांगितलं. अध्यक्षांनी परवानगी दिली होती. तारखेचं निमित्त होतं. बॉयलर साफ केला नव्हता, आळस केला होता. ते लपवायला लोकांपुढे चेष्टा केली.

ताईंनी ऐकून घेतलं. नळी गरम होती, तिच्यावर पुसणं वाळत घातलेलं होतं. ते उलटं करत त्या म्हणाल्या, "वीज गेली तेव्हा मी दारापर्यंत आले होते. म्हटलं, मामांना पुन्हा विचारावं. आता तरी पेटवतील."

"मग?"

"लाज वाटली. म्हटलं पुन्हा कोटाचं काहीतरी बोलतील." त्या शब्द शोधत थांबल्या. "म्हणून आत येऊन… ते… घमेलं घेतलं."

ताई म्हणाल्या की मी कुणाला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही, तुम्ही मला बाहेर काढलंत हेही खरंच आहे. हे त्या सरळ मनानं म्हणाल्या, पण मामांना माफ केल्यासारखं वाटलं नाही. फक्त यापुढे गप्प राहणं शक्य नाही एवढं कळलं.

ते तसेच चौथ्या मजल्यावर गेले. अध्यक्षांनी दार उघडलं, हातात चहाचा कप होता. मामा उंबऱ्याबाहेरच उभे राहिले आणि बोलले. लोक ताईंना नावं ठेवतायत ते बंद करा, म्हणाले. बॉयलर घाण पडला होता, मी साफ केला नव्हता, म्हणून पेटवला नाही. पेटलेला असता तर वीज गेली काय आणि राहिली काय, ताईंना कोळशाची गरजच पडली नसती.

अध्यक्षांनी कप खाली ठेवला. त्यांनी विचारलं, "मी आलो होतो त्या सकाळी तुम्हाला हे माहीत होतं?"

"होतं."

"मला सांगितलं असतंत तर मी बाहेरून माणूस बोलावला असता, मामा."

हे मामांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. इतकं साधं होतं ते. अध्यक्ष ओरडले नाहीत. ठीक आहे म्हणाले आणि हळूच दार लावून घेतलं. मामा जिना उतरू लागले तेव्हा प्रत्येक मजल्यावरचं दार आपल्याकडे बघतंय असं त्यांना वाटत होतं.

पुढच्या सभेत अध्यक्षांनी सगळं सांगितलं. काहींनी मामांना काढून टाकावं म्हटलं, काहींनी एवढ्या वर्षांची नोकरी आहे म्हटलं. नोकरी राहिली. बॉयलर दर वर्षी उन्हाळ्यातच साफ करून अध्यक्षांना दाखवायचा, असं ठरलं. पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी जाऊन ताईंची क्षमा मागितली आणि कोट त्यांच्याकडेच पुन्हा दिला, जमेल तेव्हा करा म्हणून. जिन्यातलं बोलणं थांबलं. तारीखमामा हे नावही थांबलं. आता लोक नुसतं मामा म्हणत, कामापुरतं बोलत आणि टपालाच्या पेट्यांपाशी मामा दिसले की पाकीट उचलून वर जात. ताईंची मुलगी मात्र त्यांच्याकडे मान वर करून बघेना. ज्या हातानं त्यांचा हात धरून ती रडली होती तो हात ती त्यांना बघून खिशात घाली. मामांना तिचं बरोबरच वाटे.

बोलून टाकलं की हलकं वाटतं म्हणतात. मामांना तसं काही वाटलं नाही. ते मामींना म्हणाले, "मला वाटलं होतं, सांगितलं की संपेल."

मामी भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, "तुमचं संपवायला नव्हतं सांगायचं. तिला बोल लागत होता तो थांबवायला होतं. तो थांबला."

ताईंचा कंप हिवाळा सरेपर्यंत थोडा कमी झाला. सुया मुलगी सकाळी जाण्याआधी ओवून ठेवायची, रांगेनं उशीत टोचून. हळूहळू मशीन पुन्हा चालू लागलं, पूर्वीपेक्षा थांबत थांबत. ताई मामांशी नीट बोलत. समोर आल्या तर थांबून मामींची चौकशी करत. एकदा मामांच्या कोटाची उसवलेली बाही त्यांनी उभ्या उभ्या शिवूनही दिली. पण त्यांनी मामांकडे पुन्हा कधीच काही मागितलं नाही. नळ गळू लागला तर मुलीकरवी मामींना सांगत. शिवलेले कपडे वर पोचवताना जिन्यातला दिवा गेलेला असला तर भिंतीला धरून चढत.

पुढच्या हिवाळ्यात गारठा वाढला की मामा संध्याकाळी तळमजल्यावर जात आणि दारातूनच विचारत, "ताई, ऊब पुरते का?"

"पुरते," ताई म्हणत. दर वेळी तेच, त्याच हळू आवाजात.

ताई गोठल्या असत्या तरी हेच म्हणाल्या असत्या, हे मामांना ठाऊक होतं. म्हणून ते खाली येऊन मामींना सांगत, काहीतरी निमित्त काढून जरा जाऊन ये. मामी वाटीत काहीतरी झाकून घेऊन वर जात, गप्पा मारता मारता खिडकीखालच्या नळीवर हात ठेवत. मामा बॉयलरपाशी फावडं हातात धरून उभे राहत. मामी आल्या की त्यांच्या तोंडाकडे बघत, आणि त्या "कमी आहे" म्हणाल्या तर आणखी कोळसा घालत.